सारायेवोच्या सिंहांची आवई

बोस्नियातल्या सारायेवोच्या पियोनिर्स्का दोलिना भागात एक प्राणिसंग्रहालय आहे. १९९२ च्या एप्रिलमध्ये बोस्नियन सर्बांच्या फौजांनी शहराला वेढा घातला आणि हे प्राणिसंग्रहालय नेमके आघाडीच्या तोंडाशी आले. वेढ्याच्या काळात सर्बियन दूरचित्रवाणीने एक बातमी दिली : शहरातले मुस्लिम सर्ब मुलांना या प्राणिसंग्रहालयातल्या सिंहांपुढे टाकत आहेत.

त्या सिंहांची खरी अवस्था वेगळीच होती. त्यांना घालायला शहरात काही उरले नव्हते. जे काही मिळे ते पिंजऱ्यापर्यंत नेणाऱ्याला स्नायपरच्या टप्प्यातून जावे लागे. एकेक जनावर भुकेने गेले. सगळ्यांत शेवटी एक अस्वल उरले होते, तेही नोव्हेंबर १९९२ मध्ये मेले.

याच शहरात २६ ते २८ जून २०२४ असे तीन दिवस जगभरचे फॅक्ट चेकर जमले होते. ‘ग्लोबलफॅक्ट’ हे त्यांच्या वार्षिक परिषदेचे नाव; सारायेवोची ही अकरावी. यजमान होती ‘झाश्तो ने’ ही तिथलीच संस्था. नावाचा अर्थ ‘का नाही?’ खोट्या बातम्या तपासण्याचे जे काम ती करते त्याला तिने ‘रास्क्रिंकावान्ये’ असे नाव दिले आहे. उच्चारायला दाताखाली खडा आल्यासारखा हा शब्द आहे खरा, पण त्याला मराठीत चपखल जोडी आहे : बिंग फोडणे.

बिंग फोडणाऱ्यांची ही जत्रा सुरू झाली ती फार छोट्या खोलीत. २०१४ च्या जूनमध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये जेमतेम पन्नास माणसे एकत्र आली. बोलावणारे होते बिल ॲडेर. अमेरिकेत २००७ मध्ये ‘पॉलिटिफॅक्ट’ सुरू करणारे आणि पुढे ड्यूक विद्यापीठात शिकवणारे पत्रकार. पुढाऱ्यांची भाषणे घेऊन त्यातले खरे किती, खोटे किती हे वाचकांना सांगायचे, असा या मंडळींचा तेव्हाचा धंदा होता. निवडणुका, बेरोजगारीचे आकडे, अंदाजपत्रकातले दावे. जगभरात असे काम करणाऱ्या संस्था तेव्हा पन्नासच्या आत होत्या. ड्यूक विद्यापीठाच्या मोजणीत आज त्या चारशेहून जास्त आहेत. २०१५ मध्ये फ्लॉरिडातल्या पॉइंटर इन्स्टिट्यूट या पत्रकारितेच्या संस्थेत ‘इंटरनॅशनल फॅक्ट-चेकिंग नेटवर्क’ स्थापन झाले आणि परिषद गावोगाव फिरू लागली : ब्युनोस आयर्स, माद्रिद, रोम, केपटाउन, कोविडमुळे दोन वर्षे पडद्यावर, मग ऑस्लो, सोल, सारायेवो.

या जाळ्याने २०१६ मध्ये एक आचारसंहिता केली. एकाच पक्षाच्या मागे लागायचे नाही, आधार उघड करायचा, पैसा कुठून येतो ते सांगायचे, तपासण्याची पद्धत सांगायची आणि चूक झाली तर ती सर्वांसमक्ष दुरुस्त करायची. शेवटची अट पत्रकारांना सगळ्यांत जड जाते. सही केली म्हणजे कायमचे सदस्यत्व मिळत नाही; बाहेरचा परीक्षक येऊन काम तपासतो आणि ही परीक्षा दर वर्षी द्यावी लागते.

दहा वर्षांत या माणसांचा धंदा मात्र पार बदलून गेला. पुढाऱ्यांची भाषणे बाजूला पडली आणि समोर व्हॉट्सॲपचे ढकललेले निरोप, कापलेल्या चित्रफिती, बनावट आवाज येऊन पडले. खोट्याचे दोन प्रकार हे लोक वेगळे धरतात. एक, ज्याला खोटे आहे हे ठाऊक नाही तो काळजीपोटी पुढे ढकलतो ते. दुसरे, जे कुणीतरी बसून, विचार करून, कुणाचे तरी नुकसान करायला तयार करते ते. कंडी पिकवणारा वेगळा आणि तिच्यावर विश्वास ठेवून शेजाऱ्याला सांगणारा वेगळा, हे मराठी माणसाला निराळे समजावून द्यावे लागत नाही. अडचण अशी की दुसऱ्या प्रकारचे खोटे चालते ते पहिल्या प्रकारच्या माणसांच्या जिवावर.

आणि या खोट्याचा सगळ्यांत आवडता विषय म्हणजे लहान मुले.

१० ऑक्टोबर १९९० रोजी पंधरा वर्षांच्या एका कुवेती मुलीने अमेरिकी खासदारांच्या एका गटापुढे रडत रडत साक्ष दिली, की इराकी सैनिकांनी इस्पितळातली अर्भके काचपेट्यांतून काढून जमिनीवर टाकली आणि मरू दिली. ही साक्ष युद्धाच्या बाजूने वारंवार सांगितली गेली. युद्ध झाले. १९९२ मध्ये उघड झाले की ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची कन्या होती आणि साक्षीमागे एका जनसंपर्क कंपनीची मेहनत होती. जुलै २०१४ मध्ये रशियाच्या ‘चॅनल वन’वर एका बाईने सांगितले, की युक्रेनच्या सैनिकांनी स्लोव्हियान्स्क गावात तीन वर्षांच्या मुलाला भर चौकात सुळावर दिले. पत्रकार त्या गावात गेले, लोकांना विचारले. पाहिलेला एकही माणूस सापडला नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये कीव्हच्या मोहिला पत्रकारिता विद्यालयातल्या शिक्षकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी ‘स्टॉपफेक’ सुरू केले होते. त्यांना पहिल्याच वर्षात असे प्रकरण हाताळायला मिळाले.

सिंह, काचपेट्या, सूळ. मुलाचे नाव निघाले की माणूस शंका घ्यायला कचरतो. ‘खरे नसेल कदाचित, पण असेल तर?’ हा प्रश्न आईबापांना झोपू देत नाही. सारायेवोला आलेल्या भारतीय फॅक्ट चेकरांना हे कुणी शिकवायची गरज नव्हती, कारण आपल्याकडचा २०१८ चा उन्हाळा त्यांनी पाहिलेला होता.

त्या वर्षी १ जुलैला, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावचा आठवडे बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. माणसे सोलापूरकडची, मंगळवेढ्याच्या भागातली. मुले पळवणारी टोळी आली आहे अशी आवई त्या पट्ट्यात अनेक दिवस फिरत होती. यांतल्या एकाने एका लहान मुलीशी बोलायचा प्रयत्न केल्याचे कुणीतरी पाहिले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि पाचही जणांना ठेचून मारले.

त्या आवईला खतपाणी घालणाऱ्या चित्रफिती फॅक्ट चेकरांनी तपासल्या, तेव्हा जे निघाले ते वाचून आजही अंगावर काटा येतो. एका चित्रफितीत लहान मुलांची प्रेते रांगेने मांडलेली होती. खाली मजकूर असा, की या मुलांचे अवयव काढून घेतले आहेत. ती मुले होती सीरियातली. २०१३ च्या रासायनिक हल्ल्यात मेलेली. दुसऱ्या चित्रफितीत मोटारसायकलवरून दोघे येतात आणि गल्लीत खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. देशभर ती हजारो मोबाइलवर गेली. ती मूळची कराचीची निघाली, तिथल्या ‘रोशनी हेल्पलाइन’ या संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात. मूळ फितीत ते दोघे परत येतात, पोराला खाली सोडतात आणि एक फलक दाखवतात : मूल पळवायला किती थोडा वेळ लागतो पाहा, लक्ष ठेवा. कुणीतरी हा शेवट कापला होता. पालकांना सावध करायला केलेल्या चित्रपटाची काही सेकंदे उडवली की त्याच पालकांच्या हातात काठ्या येतात, एवढेच करायचे होते. ‘ध’चा ‘मा’ करायलाही यापेक्षा जास्त शाई लागली असेल.

हे कसे शोधतात? परिषदेतल्या कार्यशाळांत जी हत्यारे शिकवली जातात ती आता फार गुप्त राहिलेली नाहीत. चित्रफितीचे तुकडे करून त्यातल्या ठळक चौकटी वेगळ्या काढायच्या. प्रत्येक चौकट उलट्या शोधयंत्रात टाकायची, म्हणजे शब्दावरून चित्र न शोधता चित्रावरून त्याची जुनी ठिकाणे शोधायची. गूगलला नाही सापडले तर यांडेक्स, नाहीतर टिनआय. मग दुकानाच्या पाट्या, गाड्यांचे क्रमांक, विजेचे खांब, मशिदीचा मनोरा, सावल्यांची दिशा. उपग्रहाच्या नकाशावर तोच चौक जुळवून पाहायचा. आणि या सगळ्यानंतर, पुष्कळदा या सगळ्याच्या आधीही, फोन उचलून त्या गावच्या पोलीस ठाण्यात विचारायचे. दहापैकी कितीदा तरी हा फोनच कामाचा ठरतो. सोनार जसा कसोटीच्या दगडावर रेघ ओढतो तसे हे काम : सावकाश, एकेक नग घेऊन.

सावकाश हाच शब्द या धंद्याच्या घशात अडकतो. मार्च २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एमआयटीच्या तीन संशोधकांचा अभ्यास आला. ट्विटरवरच्या सव्वा लाखांहून अधिक बातम्यांचे प्रवास त्यांनी मोजले होते. खोटी बातमी पुढे ढकलली जाण्याची शक्यता खरीपेक्षा सत्तर टक्क्यांनी जास्त निघाली. पंधराशे माणसांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोटीच्या सहापट वेळ लागला. यंत्रमानवी खाती वगळली तरी फरक तसाच राहिला. म्हणजे पाप यंत्राच्या माथी मारून मोकळे होता येत नाही.

व्हॉट्सॲपवर तर हा प्रवास दिसतही नाही. गटातला निरोप बाहेरच्याला वाचता येत नाही. म्हणून भारतातल्या संस्थांनी उलटा मार्ग धरला : एक क्रमांक जाहीर करायचा आणि लोकांना सांगायचे, शंका आली की इथे पाठवा. २०१८ च्या जुलैत कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी ढकलता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये तीच मर्यादा जगभर लागू झाली. २०२० च्या एप्रिलमध्ये फार वेळा फिरलेले निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतील असे केले, आणि असे निरोप सत्तर टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. त्याच एप्रिलच्या १६ तारखेला पालघर जिल्ह्यात गडचिंचलेजवळ दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. तिथेही चोर आणि मुले पळवणारे आल्याची हूल आधीपासून होती. आवईला मोबाइल लागतोच असे नाही. मोबाइल आला की तिला पाय फुटतात एवढेच.

मराठीत आता फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर, विश्वास न्यूज अशा संस्था रोज पडताळण्या प्रसिद्ध करतात. मुंबईतल्या ‘बूम’ने हे काम त्याआधीच सुरू केले होते. मार्च २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, अशा संस्थांच्या आघाडीने ‘डीपफेक्स ॲनालिसिस युनिट’ काढले. बनावट वाटणारा आवाज किंवा चेहरा व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि तज्ज्ञांनी तो तपासायचा.

पण कोणी कोणाला खोटे ठरवायचे हा प्रश्न इथे येतोच, आणि तो सर्वांत कडाक्याने वाजला तो मुंबई उच्च न्यायालयात. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली. सरकारच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे असे सरकारनेच नेमलेल्या तथ्यपडताळणी पथकाने ठरवले, तर तो ठेवून देणाऱ्या समाजमाध्यमाचे कायदेशीर संरक्षण जाणार, असा तिचा अर्थ. विनोदकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि इतर न्यायालयात गेले. ३१ जानेवारी २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींची मते फुटली. न्या. गौतम पटेल यांनी नियम रद्द ठरवला, न्या. नीला गोखले यांनी कायम ठेवला. मार्चमध्ये केंद्राने पथक अधिसूचित केले. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तिसरे मत न्या. अतुल चांदुरकर यांचे होते. २० सप्टेंबर २०२४ रोजी त्यांनी नियम घटनाबाह्य ठरवला. आरोपी, फिर्यादी आणि न्यायाधीश एकच असू नये, हे गावच्या पंचायतीलाही कळते. विशेष म्हणजे फॅक्ट चेकिंगच्या नावाने केलेल्या या नियमावर स्वतंत्र फॅक्ट चेकरही नाराज होते.

त्यांची स्वतःची स्थिती तरी कुठे सुखाची आहे. २०२२ मध्ये ऑस्लोची परिषद २५ जूनला संपली आणि २७ जूनला ‘ऑल्ट न्यूज’चे महंमद झुबेर यांना दिल्ली पोलिसांनी एका जुन्या ट्वीटवरून अटक केली. २० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. शिवीगाळ, खटले, धमक्या हा आता परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेतला कायमचा विषय आहे.

सारायेवोत जाहीरनामा निघाला तो याच पार्श्वभूमीवर. शंभराहून अधिक संस्थांनी त्यावर सह्या केल्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की पडताळणी म्हणजे मुस्कटदाबी नव्हे. आम्ही कुणाचे बोलणे पुसत नाही, त्याच्या शेजारी पुरावा ठेवतो, वाचणाऱ्याने ठरवावे. म्हणणे रास्त आहे. तरी त्यात एक गाठ होती, आणि ती या लोकांनी स्वतःच मारून घेतली होती. डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमात फेसबुक अशा संस्थांना पैसे देत असे आणि त्यांनी खोटा ठरवलेला मजकूर कमी लोकांना दिसेल अशी व्यवस्था करत असे. मजकूर मागे ढकलायचा निर्णय कंपनीचा, पण शिव्या मात्र फॅक्ट चेकरला. शिवाय बऱ्याच संस्थांचे पोट याच पैशावर चालत होते. ज्याच्या गोठ्यात आग लागते त्याच्याकडूनच पाण्याचा पगार घ्यायचा, असा हा व्यवहार.

तो किती दिवस चालणार? ७ जानेवारी २०२५ रोजी मार्क झुकरबर्ग यांनी जाहीर केले, की फॅक्ट चेकर राजकीयदृष्ट्या पक्षपाती ठरले, म्हणून अमेरिकेत हा कार्यक्रम बंद. त्याऐवजी वापरकर्तेच टिपा लिहितील. त्याच वर्षी जूनमध्ये गूगलने शोधनिकालात पडताळणीची ठळक चौकट दाखवणे थांबवले. कोरियाचे उदाहरण तर चटका लावणारे. २०२३ मध्ये सोलला ग्लोबलफॅक्टचे यजमानपद ‘एसएनयू फॅक्टचेक’कडे होते. सोल राष्ट्रीय विद्यापीठातल्या या केंद्राला ‘नेव्हर’ या तिथल्या बलाढ्य इंटरनेट कंपनीचा पैसा होता. परिषदेनंतर काही महिन्यांतच कंपनीने हात काढून घेतला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने काम बेमुदत थांबवले. जगभरच्या पाहुण्यांना जेवू घालणारे घर वर्ष-सव्वा वर्षात बंद पडले.

एक पोकळी झाली की तिच्यात कोण शिरते, हेही दिसले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉस्कोत ‘ग्लोबल फॅक्ट-चेकिंग नेटवर्क’ची घोषणा झाली. नावात ‘इंटरनॅशनल’च्या जागी ‘ग्लोबल’, बाकी सारखेच. पाठीशी रशियाची सरकारी वृत्तसंस्था तास आणि ‘डायलॉग’ ही संस्था. अपप्रचाराच्या आरोपावरून अमेरिकेने ‘डायलॉग’वर दोनच महिन्यांपूर्वी निर्बंध घातले होते. बनावट नोट छापणारा तेरा रुपयांची नोट छापत नाही.

मग हे सगळे करून काही उपयोग होतो का? वाचकाच्या मनात हा प्रश्न केव्हाच आला असेल. होतो, पण त्याला अटी आहेत. ईथन पोर्टर आणि थॉमस वूड या अमेरिकी संशोधकांनी अर्जेंटिना, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि ब्रिटन या चार देशांत एकाच वेळी प्रयोग केले. पडताळणी वाचलेल्या माणसांचा खोट्यावरचा विश्वास चारही ठिकाणी कमी झाला, आणि बहुतेक परिणाम दोन आठवड्यांनंतरही टिकून होते. अडचण एवढीच, की ज्याला पडताळणी वाचायला मिळाली त्याचा हा हिशेब. राईनपाड्याच्या बाजारात ती कुणापर्यंत पोहोचली होती?

म्हणून आधीच शहाणे करून ठेवायचे, रोग यायच्या आत लस द्यायची, या कल्पनेकडे बरेच जण वळले आहेत. भारतात तिची परीक्षा बिहारमध्ये झाली. २०१९ च्या निवडणुकीच्या वेळी राज्यशास्त्राच्या अभ्यासक सुमित्रा बद्रिनाथन यांनी बाराशेच्या वर लोकांच्या घरी जाऊन तासभर शिकवणी घेतली : चित्र उलटे कसे शोधायचे, निरोप कसा तपासायचा. सरासरी काढली तर परिणाम जवळजवळ शून्य. पुष्कळांनी इथेच हात टेकले असते.

त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा बिहारच गाठले. या वेळी गावच्या वाचनालयांत तेरा हजारांहून अधिक शाळकरी मुले-मुली निवडली आणि तासाऐवजी कित्येक आठवडे वर्ग घेतले. आजारपणाच्या अफवा, अंगाऱ्याधुपाऱ्याचे उपाय, निरोप कुठून आला हे विचारायची सवय. मुलांना खरे-खोटे वेगळे करणे चांगले जमू लागले आणि काही महिन्यांनी पुन्हा चाचणी घेतली तेव्हाही ते टिकून होते. एक परिणाम मात्र वर्गाबाहेरही दिसला. या मुलांच्या आईबापांना कुणी शिकवले नव्हते, तरी चाचणीत तेही खोटी बातमी आधीपेक्षा बरी ओळखत होते.